उपवासाचं ताट आणि दाण्याचं कूट

आषाढी एकादशी जवळ आली की आमच्या घरी स्वयंपाकाची आखणी आठवडाभर आधी सुरू होते. मला शेंगदाणे चालत नाहीत, तीळही चालत नाहीत. आणि मराठी घरातला उपवास दाण्याच्या कुटावरच उभा असतो. साबुदाण्याची खिचडी, वडे, भगर, तिच्यावर दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, रताळ्याचा कीस, शेवटी हातावर दाण्याचा लाडू. एरवी वरण-भात, भाकरी, एखादी पालेभाजी माझ्यापुरती निघते. एकादशीला ताक आणि केळं सोडलं तर प्रत्येक पदार्थाची चौकशी करावी लागते.

बाहेरच्या लोकांना वाटतं की अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने हॉटेलला घाबरावं. मी घरगुती जेवणाला जास्त जपते. हॉटेलात निदान विचारलं तर कुणाला वाईट वाटत नाही. घरात मात्र मीठ घातलं हे जसं कुणी वेगळं सांगत नाही, तसं कूट घातलं हेही सांगत नाही. ते हातून आपोआप पडतं. डब्यात हात जातो, चिमूट-मूठ पडते आणि करणारीला नंतर आठवतही नाही.

खिचडीचं आधी सांगते, कारण माझ्यासारखी आणखी माणसं असतील तर त्यांना याचा उपयोग होईल. कूट खिचडीला चव देतंच, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. भिजलेल्या साबुदाण्याच्या अंगचं पाणी ते शोषून घेतं आणि दाणा दाण्याला चिकटू देत नाही. कूट नुसतं वगळलं की कढईत गोळा होतो. माझ्या सासूबाईंनी यावर बरेच प्रयोग केले. ओला नारळ घालून बघितला, तर चव छान पण गोळा तसाच. शेवटी त्यांनी बसवलेली पद्धत अशी: साबुदाणा दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, स्टार्च निघून पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत. मग पाणी अगदी बेताचं ठेवायचं, वर तरंगता कामा नये. चार-पाच तासांनी दाणा बोटात धरून दाबला की सपाट व्हायला हवा, पण बोटाला लागता कामा नये. सुकं खोबरं किसून मंद आचेवर बदामी भाजायचं, गार झाल्यावर हाताने चुरायचं. त्याच तव्यावर चमचाभर राजगिऱ्याचं पीठ कोरडंच परतायचं. हे दोन्ही साबुदाण्याला कढईत टाकायच्या आधी चोळून ठेवायचं. मग तूप, जिरं, मिरची, बटाटा नेहमीसारखं. खिचडी सुटी होते आणि खोबऱ्याला भाजल्याचा जो खमंगपणा येतो त्याने कुटाची आठवण फारशी येत नाही. आता आमच्याकडे सगळ्यांसाठीच अशी होते. एका घरात दोन खिचड्या म्हणजे दोन झारे, आणि दोन झाऱ्यांची अदलाबदल कधी ना कधी होतेच.

माझं माहेर कराडजवळचं. वडील भुईमूग घ्यायचे. काढणी झाली की सोप्यात वेलांचा ढीग पडायचा आणि घरातल्या, भावकीतल्या सगळ्या बायका शेंगा तोडायला बसायच्या. मी त्यांच्यात बसले की थोड्या वेळात मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांध्या उठायच्या, डोळे सुजून बारीक व्हायचे. आजी म्हणायची, "पोरीला पित्त उठलंय." मग आमसूल भिजत घालायचं, त्याचं पाणी अंगाला चोळायचं आणि घोंगडं पांघरून पडून राहायचं. उतरलं की अंगात ताकद यावी म्हणून तीच आजी प्रेमाने दाणे-गूळ हातावर ठेवायची. आजीला मी कधीच दोष दिला नाही. 1980च्या दशकात आमच्या गावात शेंगदाण्याने माणूस आजारी पडतो असं कुणी म्हटलं असतं तर त्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? ज्या पिकावर घराचा दिवाळसण व्हायचा, त्याच पिकाचा हा दाणा.

नोकरी लागल्यावर पुण्यात तपासणी झाली. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेवर एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब आणि त्या थेंबातून सुईचं अगदी हलकं टोक. रक्तही येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा असतो, तिथे गांधी उठलीच पाहिजे. एक नुसत्या सलाइनचा, तिथे काही उठता कामा नये. मग पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. त्याआधीचे काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणीत काही दिसतच नाही. माझ्या हातावर दाणे आणि तीळ या दोन खुणा हिस्टामिनपेक्षाही मोठ्या उठल्या. डॉक्टरांनी तेव्हा एक गोष्ट नीट समजावून सांगितली, ती मी आजही इतरांना सांगते. गांधी किती मोठी आहे यावरून अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता कळते. पुढची रिअ‍ॅक्शन किती जोराची असेल ते कळत नाही. मागच्या वेळी नुसती खाज आली म्हणून पुढच्या वेळीही नुसती खाजच येईल, याचा भरवसा नाही.

विचारायचं कसं, हे मात्र मला कुणी शिकवलं नाही. ते वर्षानुवर्षं लोकांच्या ओट्यापाशी उभं राहून शिकले. "यात दाणे आहेत का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, आणि ते प्रामाणिक असतं, कारण अख्खे दाणे खरंच नसतात. म्हणून मी आता हो-नाहीचा प्रश्न विचारत नाही. "वहिनी, रस्सा इतका छान दाट झालाय, वाटण कशाचं केलंय?" असं विचारते. मग कांदा, खोबरं, लसूण, "आणि हे आपलं मूठभर कूट" असं सगळं बाहेर येतं. दुसरं म्हणजे ज्याने पळी फिरवली त्यालाच विचारायचं. यजमानाला विचारून उपयोग नाही. लग्नाकार्यात मी वधूच्या आईला त्रास देत नाही. मंडपामागे जाऊन आचाऱ्यांना गाठते. "मामा, कोणकोणत्या भाजीत कूट पडलंय?" आचारी कधी चिडत नाहीत. त्यांना आपल्या हाताखालून काय गेलं ते पक्कं ठाऊक असतं, आणि कुणीतरी येऊन विचारतंय याचं बरंच वाटतं. तळणाची कढई एकच आहे का, हेही तिथेच कळतं.

आणि मसाले. आमच्या सातारा-कोल्हापूरकडच्या कांदा-लसूण मसाल्यात तीळ भाजून घालतात. पांढऱ्या रश्श्यात बऱ्याच घरी तिळाचं वाटण असतं. मिठाईवरच्या हिरव्या कापांना तर मी हातच लावत नाही. शेंगदाणे हिरवे रंगवून पिस्त्याचे काप म्हणून विकण्याचा प्रकार आपल्याकडे चालतो. इतरांच्या दृष्टीने ती भेसळ, माझ्यासाठी दवाखान्याची वाट.

तेलाबद्दल फार लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. अ‍ॅलर्जी होते ती दाण्यातल्या प्रथिनांची. पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात ही प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, म्हणून बऱ्याच जणांना ते सोसतं. लाकडी घाण्याचं तेल नुसतं गाळलेलं असतं, त्यात प्रथिनं राहतात. गेल्या काही वर्षांत घाण्याच्या तेलाची आवड पुन्हा वाढली आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, वासही सुंदर असतो. पण "अगदी शुद्ध आहे, तुला काही होणार नाही" असं म्हणून कुणी ते माझ्यासमोर ठेवलं की मला हात जोडावे लागतात. करडईचं घ्यायचं म्हटलं तरी आधी विचारते की याच घाण्यावर सकाळी शेंगदाणा काढला होता का. माझ्या डॉक्टरांनी मला रिफाइनसकट सगळंच शेंगदाणा तेल टाळायला सांगितलं आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

संक्रांत हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड सण. एकादशीला माझं ताट मी ठरवते, पण तिळगूळ दुसरा माणूस हातावर ठेवतो आणि गोड बोलायला सांगतो. तो नाकारायचा कसा? मी नाकारत नाही. पर्समध्ये छोट्या कागदी पाकिटांचा गठ्ठा ठेवते. पाकीट पुढे करते, त्यात घ्यायला लावते, नमस्कार करते आणि घरी नवऱ्याला देते. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला खोबरं-गुळाच्या वड्या असतात. पहिल्या वर्षी दोन बायका कुजबुजल्या, नंतर त्यांनीच कृती विचारली. हलव्याचं मात्र बघून घ्यावं लागतं. तो साबुदाण्यावरही करतात, खसखशीवरही आणि तिळावरही. वरून पांढरा काटा दिसतो, आत काय आहे ते करणारीलाच माहीत.

तिळाच्या बाबतीत माझी एक खरी तक्रार आहे. आपल्याकडच्या 2020च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर शेंगदाणे, बदाम-काजूसारखी कवचफळं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे जलचर, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांची वेगळी सूचना द्यावी लागते. त्या यादीत तीळ नाही. घटकांच्या यादीत तो असायला हवा, पण ती यादी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असते आणि नुसतं "मसाले" असं लिहिलं की त्यात काय दडलंय ते कळायला मार्ग नाही. युरोपात तिळाची सूचना बंधनकारक आहे, अमेरिकेतही 1 जानेवारी 2023 पासून झाली. ज्या देशात संक्रांतीला घराघरांत तीळ भाजला जातो, त्या देशात तिळाची सूचना ठळक अक्षरांत का नसावी? हिरवा ठिपका आपण सगळे एका नजरेत ओळखतो. म्हणजे पाकिटावरची खूण लोक बघतात, हे सिद्धच झालं आहे.

आता जे लिहिते ते घरातल्या प्रत्येकाने वाचावं असं मला वाटतं.

वन्संच्या घरी जेवायला गेलो होतो. त्यांनी माझ्यासाठी बिनकुटाची कोशिंबीर आठवणीने वेगळी काढून ठेवली होती. वाढताना मात्र दोन्ही भांड्यांत पळी एकच फिरली. दोन घास खाल्ले असतील. आधी तळहात आणि तळपाय खाजू लागले. मग ओठ जड, पोटात कळ, आणि बोलायला गेले तर आवाज घोगरा. त्या वेळी मनात एक विचित्र भीती दाटते, आपलं काहीतरी फार वाईट होणार अशी. ती भीती हेसुद्धा एक लक्षण आहे हे मला माहीत होतं. नवऱ्याने मला आडवं केलं, पायाखाली उशा घातल्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाचं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला दिलं. वन्संच्या मुलाने 108ला फोन केला. गाडी यायच्या आत माझा आवाज मोकळा व्हायला लागला होता. तरी रात्रभर दवाखान्यात ठेवलं, कारण काही तासांनी रिअ‍ॅक्शन उलटून येऊ शकते.

त्याच्या आधी कधीतरी एका दवाखान्यात मला अशाच अवस्थेत फक्त अ‍ॅव्हिल आणि स्टेरॉइड देऊन बाकावर बसवलं होतं. मी वाचले, पण ते बरोबर नव्हतं. अ‍ॅव्हिलने खाज कमी होते. आवळत चाललेला घसा आणि खाली जाणारं ब्लडप्रेशर त्याने सावरत नाही. अशा वेळी पहिलं औषध अ‍ॅड्रिनॅलिन, बाकी सगळं नंतर. आणि माणसाला उभं करायचं नाही, चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही. श्वास फार लागत असेल तर टेकून बसवावं, नाहीतर आडवं ठेवावं.

परदेशात मिळतं तसं औषध भरलेलं आयतं इंजेक्शनचं पेन आपल्या औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. मी अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची छोटी बंद कुपी, आणि सिरिंज ठेवते. नवऱ्याने आणि मी एका ओळखीच्या सिस्टरकडून सलाइनच्या अँप्यूलवर सराव केला. मान कुठे तोडायची, कापूस कसा धरायचा, हवा कशी काढायची. डबीत डॉक्टरांच्या अक्षरातला माप लिहिलेला कागद असतो. डबी उन्हात किंवा गाडीत ठेवायची नाही. मुदत बघायची, द्रावण पिवळं-तपकिरी दिसलं की बदलायचं. ही डबी माझ्या पर्समध्ये असते. पर्स बदलली तर डबी आधी, पाकीट नंतर.

वासांचं प्रकरण वेगळं आहे, पण माझ्या बाबतीत ते याच दिवसांत मिसळलेलं आहे. मी साताऱ्यात एका महाविद्यालयाची ग्रंथपाल आहे. डांबरगोळ्या, फिनाइल, पेस्ट कंट्रोलचा फवारा, रूम फ्रेशनर, यातलं काहीही बंद खोलीत असलं की माझं डोकं धरतं, घसा खवखवतो आणि छातीत शिट्टी वाजते. याचा शेंगदाण्याशी संबंध नाही. शरीर इथे दाण्याच्या प्रथिनासारखं शत्रू ओळखून प्रतिपिंडं सोडत नाही. श्वासनलिका चिडते. म्हणून हातावरच्या चाचणीत हे काही दिसत नाही, आणि चाचणीत दिसत नाही म्हणून लोकांना ते नाजूकपणाचं वाटतं. शेंगदाण्याच्या वेळी निदान लोक घाबरतात. वासाच्या वेळी म्हणतात, "मॅडम, जरा खिडकीत उभ्या राहा, बरं वाटेल."

पुस्तकांच्या मागे डांबरगोळ्या ठेवायची आमच्याकडे जुनी पद्धत होती. त्यातलं नॅफ्थलीन माणसात कॅन्सर घडवू शकणाऱ्या संशयित पदार्थांच्या यादीत आहे, आणि रक्तात ठरावीक एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांना गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांमुळेही कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. हे कागदावर लिहून दिल्यावर प्राचार्यांनी ऐकलं. आता जुनी पुस्तकं पावसाळ्याआधी बाहेर काढून कोरड्या ब्रशने झाडतो, कपाटं भिंतीपासून हातभर लांब ठेवतो, सिलिका जेलच्या पिशव्या वाळवून पुन्हा वापरतो. साताऱ्याच्या पावसात खरी शत्रू बुरशी, आणि तिच्यावर हवा खेळती ठेवण्यासारखा उपाय नाही. कीड लागलेलं एखादं पुस्तक प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये ठेवतो, त्याने कीड मरते.

फिनाइलचा प्रश्न मावशींशी बोलून सुटला. मी त्यांना आधी नुसतं "कमी टाका" म्हणायचे आणि त्या टाकायच्या तेवढंच. एकदा त्यांच्यासोबत चहा घेत बसले तेव्हा म्हणाल्या, "वास न्हाई आला तर म्हनत्याल, पुसलंच न्हाई." त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे स्वच्छतेची पावती नाक देतं. बोलता बोलता त्या सारख्या खोकत होत्या. विचारलं तर कळलं, संडास लवकर पांढरा व्हावा म्हणून त्या ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र ओतायच्या. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो थेट छातीत जातो. मी त्यांना बाटल्यांवरचं वाचून दाखवलं. कार्यालयातून लेखी सूचना काढून घेतली, की ग्रंथालयाची फरशी साबणाच्या पाण्याने पुसली जाईल, फिनाइलचा वास नसला तरी ती पुसलेली समजावी. दोन्ही बाटल्या आता वेगवेगळ्या कपाटांत असतात. मावशींचा खोकला महिन्याभरात बराच कमी झाला. मी माझ्यासाठी सुरू केलेलं भांडण जास्त त्यांच्या कामी आलं, याचा मला फार आनंद आहे.

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, की आत्याचं असं आहे म्हणून पोरीला पाच वर्षं दाण्याचा कणही द्यायचा नाही. मी विरोध केला. 2015 साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. खाजऱ्या चट्ट्यांचा तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे जोखीम जास्त असलेली 640 बाळं, वय चार ते अकरा महिने. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना टाळला. पाचव्या वर्षी टाळलेल्यांत शंभरात सतरा मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, दिलेल्यांत शंभरात तीन. भावाने बालरोगतज्ज्ञांना विचारलं. अख्खा दाणा लहान बाळाला कधीच द्यायचा नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. दाणे अगदी गुळगुळीत वाटून, पातळ करून, चमच्याच्या टोकावर, तेही त्यांच्या दवाखान्यात. वहिनीचे हात थरथरत होते. मी बाहेर बाकावर डबी मांडीवर घेऊन बसले होते. काही झालं नाही. आता आठवड्यातून तीनदा तिच्या पेजेत दाण्याची पेस्ट जाते आणि ती चाटूनपुसून खाते. त्या दिवशी मी तिला उचलत नाही, पापे घेत नाही. तेवढं चालतं.

फाल्गुनात पुतण्याचं लग्न आहे. आचाऱ्यांशी परवाच फोनवर बोलले. वांग्याच्या भाजीत खोबरं आणि डाळ्याचं वाटण घालायचं त्यांनी स्वतःहून सुचवलं, सगळ्या पंगतीसाठी. कोशिंबिरीचं कूट वेगळ्या वाटीत ठेवणार, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. ठेच्याचं मात्र त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "ताई, दाण्याशिवाय ठेचा मी वाढणार न्हाई, तुमी त्या टेबलाकडं फिरकू नका." ठेच्याचं टेबल मंडपाच्या दुसऱ्या टोकाला लावायचं ठरलं आहे.